अलंकार ओळखल्यानंतर

फाल्गुन लागला म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी परीक्षेचे वारे वाहू लागते. इंग्रजी साहित्याची उजळणी ह्या दिवसांत बहुधा दोन वह्यांत आटोपते. एका वहीत अलंकारांची यादी असते: सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, अ‍ॅलिटरेशन, आयरनी, प्रत्येकापुढे एक व्याख्या आणि एक उदाहरण. दुसऱ्या वहीत अभिजात कृतींचे सारांश असतात: ग्रंथकाराचे नाव, मुख्य पात्रे, मध्यवर्ती कल्पना, तात्पर्य. परीक्षेच्या आदल्या रात्री मूल ह्या दोन वह्या डोळ्यांखालून घालते आणि सकाळी देवाला नमस्कार करून, हातावर दही-साखर घेऊन निघते. ही तयारी अगदीच व्यर्थ आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावर गुण मिळतात आणि गुणांवाचून पुढचे दार उघडत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. तथापि पहिल्या वहीतील अलंकार दुसऱ्या वहीतील कृतीत नेमके कोणते काम करतो, हे दोहोंपैकी एकाही वहीत लिहिलेले नसते. साहित्याचा अभ्यास म्हणून जे काही आहे ते सारे ह्याच न लिहिलेल्या भागात असते. त्या भागाचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

हा विचार आम्ही सुरतेच्या निमित्ताने मांडीत आहो, त्यास कारण आहे. सुरतेत आज मराठी बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. उधना, लिंबायत ह्या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि तेथील महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते. अशा घरातील मूल घरात एक भाषा बोलते, रस्त्यावर दुसरी ऐकते आणि परीक्षेत तिसरीला तोंड देते. आमच्या गोमंतकीय वाचकांस ही स्थिती नवी नाही. घरी कोकणी, देवळात मराठी आरती व कीर्तन, आणि शाळेत आधी पोर्तुगीज व मागाहून इंग्रजी, अशा तिहेरी व्यवहारात त्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. पण सुरत निवडण्याचे मुख्य कारण ह्याहून वेगळे आहे. इंग्रजी शाळेत शिकविणारे मास्तर आपल्या भाषांतील साहित्याचे परीक्षण करू लागले, त्या घटनेचा एक महत्त्वाचा धागा ह्याच शहरातून जातो.

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव मराठी वाचकांस व्याकरणकार म्हणून परिचित आहे. त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढील दशकात ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवीत होते. १८४४ साली दुर्गाराम मेहता व इतर मंडळी यांच्यासह त्यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापन केली, आणि १८४६ साली ते मुंबईस परतले. त्या सभेच्या धर्मविषयक मतांची चर्चा हा आमचा विषय नव्हे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, सुरतेत इंग्रजी शिकविणाऱ्या ह्याच गृहस्थांनी पुढे १८६५ साली मोरोपंतांच्या केकावलीवर 'यशोदा पांडुरंगी' ही गद्य टीका लिहिली. तिच्या नावात त्यांनी आपल्या मातापित्यांची नावे गोवली. दादोबांचे आत्मचरित्र १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले ते प्रा. अ. का. प्रियोळकरांनी. ज्या प्रियोळात श्रीमंगेशाचे देवालय आहे, तेथले ते. एका गोमंतकीय पंडिताच्या परिश्रमामुळे सुरतेच्या त्या मराठी मास्तरांची हकीकत त्यांच्याच शब्दांत आपणांस वाचावयास मिळते, ही गोष्ट आमच्या वाचकांस अभिमानाची वाटेल.

दादोबा सुरत सोडून गेल्यावर तेथले काम थांबले नाही. दुर्गाराम मेहतांच्या शाळेत काही काळ शिकलेले सुरतेचे कवी नर्मद यांनी १८५७ साली 'पिंगळप्रवेश' आणि १८५८ साली 'अलंकारप्रवेश' व 'रसप्रवेश' अशी लहान पुस्तके काढली. छंद, अलंकार आणि रस ही काव्यशास्त्राची तीन अंगे होत, आणि प्रत्येकाच्या नावात 'प्रवेश' हा शब्द आहे, हे ध्यानात धरावे. त्याच १८५८ साली त्यांनी 'कवि अने कविता' हा निबंध लिहिला. हॅझ्‌लिट ह्या इंग्रज टीकाकाराच्या वाचनाचा त्यावर ठसा आहे, आणि भावनेचा आवेश, म्हणजे नर्मदांच्या शब्दांत 'जोस्सो', हाच काव्याचा प्राण असे प्रतिपादन त्यात आहे. अलंकारांची यादी देणारा आणि यादीने काव्य होत नाही असे सांगणारा मनुष्य एकच होता, आणि दोन्ही गोष्टी त्याने एकाच वर्षी केल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस नर्मदांनी शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर निर्वाह करण्याचे ठरविले.

पुढे १८६६ साली सुरतेचेच शिक्षक नंदशंकर मेहता यांची 'करण घेलो' ही कादंबरी निघाली. गुजरातच्या अखेरच्या वाघेला राजाची ती कथा होय. पुढल्याच वर्षी सुरतेतच जन्मलेल्या नवलराम पंड्या ह्या दुसऱ्या शिक्षकाने तिचे परीक्षण लिहिले, आणि गुजराती समीक्षेचा आरंभ येथून धरण्याची प्रथा आहे. योगायोग असा की मराठीत 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सुरू झाले तेही १८६७ सालीच. ते चालविणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर, 'मोचनगड' आणि 'सरस्वतीमंडळ' यांचे कर्ते, हेदेखील पेशाने शिक्षकच. आपल्याकडील समीक्षा अशी वर्गात जन्मास आली. तीच आज वर्गातून हद्दपार होऊन तिच्या जागी केवळ यादी उरावी, हे आम्हांस खेदाचे वाटते.

आता प्रत्यक्ष अलंकाराकडे वळू. संस्कृत साहित्यशास्त्राने उपमेचे चार अवयव सांगितले आहेत. ज्याची तुलना करावयाची ते उपमेय. ज्याशी करावयाची ते उपमान. दोहोंत समान असा गुण तो साधारण धर्म. आणि 'सारखा', 'जणू', 'परी' असे तुलना दर्शविणारे पद तो साम्यवाचक शब्द. एक साधे उदाहरण घेऊ. 'आजीचा हात जुन्या लुगड्यासारखा मऊ होता.' येथे हात उपमेय, लुगडे उपमान, मऊपणा साधारण धर्म आणि 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. चारही अवयव जागच्या जागी आहेत, म्हणून ही पूर्णोपमा. आता 'मऊ' हा शब्द काढून टाकू. 'आजीचा हात जुन्या लुगड्यासारखा होता.' धर्म लोपला, आणि तो लोपताच वाचकावर काम येऊन पडले. हात लुगड्यासारखा म्हणजे कसा? मऊ, हे तर खरेच. पण शिवाय धुऊन धुऊन विरलेला, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजलेला, आणि फाटल्यावरही ज्याची गोधडी होऊन नातवंडांच्या अंगावर येते असा. एक शब्द वगळल्याने उपमा दरिद्री न होता श्रीमंत झाली. आपल्या शास्त्रकारांनी ह्या प्रकारास धर्मलुप्ता असे नाव दिले आहे.

परीक्षेस बसणाऱ्या मुलाला सिमिली ओळखण्याची खूण काय सांगितलेली असते? 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' हे शब्द शोध. म्हणजे चार अवयवांपैकी चौथा तेवढा शोध. हुशार मूल पुढे जाऊन पहिला व दुसरा सांगते: अमक्याची तमक्याशी तुलना केली आहे. तिसऱ्या अवयवाची चौकशी कोणीच करीत नाही. आणि इंग्रजी कवितेतील उत्तम उपमा पाहाव्यात तर पुष्कळशा धर्मलुप्ता असतात, किंवा त्यांत जो धर्म सांगितलेला असतो तो केवळ आरंभ असतो. तिसरा अवयव शोधणे हेच कवितेचे वाचन होय. जे परीक्षेत विचारीत नाहीत तेच शिकण्यासारखे असावे, हा व्याजोक्तीचा नमुना परीक्षकांच्याही ध्यानात यावा.

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी शाळेत वाचली आहे. ती १८०७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी कवी स्वतःस एकाकी ढगाची उपमा देतो. मुलाच्या वहीत लिहिलेले असते: सिमिली, कवीची ढगाशी तुलना, साम्य एकाकीपणाचे. ह्यावर गुण मिळतील. पण आम्ही विचारतो, ढग एकाकी असतो काय? आषाढात कोकणपट्टीवर किंवा तापीच्या मुखाशी उभे राहून आकाशाकडे पाहावे. तेथे ढगांच्या झुंडीच्या झुंडी येत असतात. आपल्या मुलाच्या अनुभवातला ढग कळपाने फिरणारा आहे. तेव्हा एकाकीपण हा ढगाचा अंगचा गुण नसून कवीने त्यावर चढविलेला आहे. गंमत अशी की, ज्या फेरफटक्यात ही फुले दिसली त्या दिवशी, म्हणजे १५ एप्रिल १८०२ रोजी, कवी एकटाही नव्हता. त्याची बहीण डॉरथी सोबत होती, आणि त्या दिवसाचे वर्णन तिच्या रोजनिशीत आहे. म्हणजे एकाकीपण ही घडलेली गोष्ट नसून काव्यासाठी निर्मिलेली गोष्ट आहे. ती कशासाठी निर्मिली?

ह्याचे उत्तर तिसऱ्या अवयवात सापडते. ढग उंचावर असतो, हेतूवाचून तरंगतो, खालच्या कशाशीही बांधलेला नसतो. असा मनुष्य ढग झाला आहे, आणि उलट फुले मात्र माणसांसारखी गर्दी करून नाचत आहेत. मनुष्याने निसर्गाचे रूप घेतले आणि निसर्गाने समाजाचे. सिमिली आणि पर्सॉनिफिकेशन असे दोन अलंकार वहीत दोन निराळ्या ओळींवर लिहिले जातात, ते मुळात एकाच अदलाबदलीच्या दोन बाजू आहेत. आणि कवितेच्या शेवटी, घरी पडल्या पडल्या ती फुले आठवताना, आरंभीचा तोच एकटेपणा सुखाचा एकान्त होतो. आरंभीच्या उपमेचा धर्म शेवटच्या कडव्यात बदलला. हे ज्याच्या लक्षात आले त्याने कविता वाचली असे म्हणावे. ज्याने फक्त 'अ‍ॅज' शोधला त्याने शब्द शोधला एवढेच.

आता ह्या ढगाशेजारी आपले दोन ढग ठेवू. मेघदूतातील यक्ष रामगिरीवर विरहात पडला आहे आणि आषाढातल्या मेघाला तो निरोप सांगतो. धूर, तेज, पाणी आणि वारा यांच्या मिश्रणाने झालेला ढग निरोप कसा नेणार, हा प्रश्न कालिदासाने स्वतःच काढला आहे, आणि विरहाने व्याकूळ झालेल्यास सचेतन व अचेतन यांचा भेद कळत नाही असे त्याचे उत्तरही दिले आहे. पर्सॉनिफिकेशन म्हणजे निर्जीवास सजीव कल्पिणे, एवढी व्याख्या पाठ करणाऱ्या मुलास हा श्लोक समजावून सांगितला, तर त्या व्याख्येमागील माणूस त्याला दिसेल. निर्जीवास सजीव कोण कल्पितो? ज्याला बोलावयास दुसरे कोणी उरलेले नाही तो. कालिदासाच्या ढगाचा धर्म जाणे हा आहे. जेथे यक्षाला जाता येत नाही तेथे तो जाऊ शकतो.

तिसरा ढग केकावलीचा. केका म्हणजे मोराचा टाहो आणि आवली म्हणजे रांग. मोरोपंत काव्यात स्वतःस मयूर म्हणवीत, तेव्हा ग्रंथाच्या नावातच श्लेष आहे. परंतु श्लेष ओळखून थांबलो तर पुन्हा यादीच हाती राहील. मोर टाहो कोणासाठी फोडतो? मेघासाठी. म्हणजे नावात न उच्चारलेले एक उपमान दडलेले आहे. भक्त मोर, तर भगवान मेघ. घनश्याम हे त्याचे नाव आपण रोज घेतो, पण त्यातील घन शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. ह्या मेघाचा धर्म कोणता? तो दूर आहे, उंच आहे, त्याच्या येण्याची वेळ आपल्या हाती नाही, आणि आला तर वर्षाव करतो. त्याने यावे म्हणून मोराजवळ आपला आवाज तेवढा आहे. पृथ्वी वृत्तातील शंभरावर श्लोकांचे हे स्तोत्र देवळात ऐकत वाढलेल्या मुलाजवळ डॅफोडिलांची कविता समजण्याचे साधन आधीच आहे. एकच उपमान तीन कवींनी घेतले. एकास त्यात अलिप्तता दिसली, दुसऱ्यास गती, तिसऱ्यास कृपा. उपमान तेच राहून धर्म बदलला आणि तीन निराळी काव्ये झाली. हे ज्याने एकदा पाहिले त्याला तिसऱ्या अवयवाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

उपमेविषयी जे खरे तेच इतर अलंकारांविषयी. शेक्सपीअरच्या 'ज्यूलियस सीझर' नाटकात सीझरच्या प्रेतापुढे अँटनी बोलावयास उभा राहतो आणि ब्रूटस सन्माननीय आहे असे पुनःपुन्हा सांगतो. वहीत ह्यापुढे आयरनी असे लिहिलेले असते. आपल्या शास्त्रातील व्याजस्तुती ह्याच्या जवळची आहे. तीत वरून स्तुती व आतून निंदा असते किंवा त्याच्या उलट. ह्यातील उलट प्रकार आमच्या वाचकांच्या अगदी ओळखीचा. संतांनी देवाला निष्ठुर म्हणावे, उधारी बुडविणारा म्हणावे, त्याच्याशी कडाक्याने भांडावे, आणि त्या निंदेच्या पोटी अपार प्रेम असावे, ही निंदास्तुती आपण भजनात ऐकतो. अँटनीच्या भाषणात निंदा आणि स्तुती यांची जागा बदलली आहे. पण अलंकार एका ओळीत नाही, हे मुलास कोण सांगणार? पहिल्यांदा अँटनी तो शब्द उच्चारतो तेव्हा जमाव ब्रूटसच्या बाजूचा आहे आणि शब्द जवळजवळ सरळ अर्थाने ऐकला जातो. दर खेपेस सीझरच्या एखाद्या चांगुलपणाची आठवण मध्ये येते आणि तोच शब्द थोडा अधिक वाकडा होऊन परततो. शेवटी जमावच तो शब्द शिवीसारखा फेकतो. शब्द बदलला नाही, ऐकणारे बदलले. हा अलंकार काळात घडतो, म्हणून एक ओळ उद्धृत करून 'अलंकार ओळखा' असे विचारले की त्याचा जीव जातो.

तिसरे उदाहरण गद्यातले. जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' ही १९४५ साली निघालेली लहान कादंबरी अनेक शाळांच्या पूरक वाचनात येते. तिचे उत्तर पाठ असते: ही रूपककथा आहे, नेपोलियन नावाचा डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. येथे मूल उपमेयापर्यंत पोहोचते आणि तेथेच थांबते, जणू पुस्तक हे एक कोडे होते आणि ते सुटले. बॉक्सर हा घोडा पाहा. प्रत्येक संकटावर त्याचा एकच उपाय, अधिक कष्ट करावयाचे. शक्ती संपल्यावर त्याला खाटकाकडे विकतात. बॉक्सर म्हणजे रशियाचा कामकरी वर्ग, हे उत्तर बरोबर आहे. परंतु उधन्याच्या यंत्रमागांवर ज्याच्या वडिलांची पाळी असते त्या मुलाला बॉक्सर ओळखण्यासाठी रशियाचा इतिहास लागत नाही. त्याला साधारण धर्म घरातच ठाऊक आहे. दुर्दैव हे की उत्तरपत्रिकेत तो लिहावयाचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि म्हणून स्वतःजवळचे खरे ज्ञान बाजूस ठेवून तो 'अपेक्षित' प्रश्नसंचातील वाक्य उतरवितो.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल. इंग्रजी अलंकारांस संस्कृत नावे देऊन अभ्यास सुकर होतो, हा भ्रम आहे. दोन्ही पद्धती निराळ्या आहेत. आक्षेपात तथ्य आहे. मुखास चंद्र म्हणणे हे आपल्याकडे रूपक. पण मुखाचा उल्लेखही न करता नुसता 'चंद्र उगवला' असे म्हटले, तर शास्त्रकार त्यास रूपक न म्हणता अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. इंग्रजीत दोन्ही मेटॅफरच. उलट शाळेच्या मराठी पुस्तकांत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणे, जे इंग्रजीतील हायपर्बली. आयरनी तर व्याजस्तुतीपेक्षा कितीतरी व्यापक; नाटकातील पात्रास जे ठाऊक नाही ते प्रेक्षकास ठाऊक असणे हादेखील तिचा एक प्रकार. तेव्हा नावापुढे नाव लिहून तिसरी यादी तयार करावी, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. आम्ही सुचवितो ते एवढेच की, उपमेचे अवयव पाडून पाहण्याची जी रीत आपल्याजवळ आहे, ती कोणत्याही भाषेतील तुलनेस लागू पडते, ती घ्यावी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. परीक्षेला तीन तास, प्रश्न पुष्कळ, आणि तपासणाऱ्यास ठरीव मुद्दे हवे असतात. महाराष्ट्राच्या दहावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत अलीकडे कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो. त्यात शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात. रसग्रहण हा शब्द चांगला, पण रसाचे असे पाच तुकडे केल्यावर ग्रहण कशाचे करावयाचे? तरीही मुलास व्यवस्थेशी भांडत बसण्यास वेळ नाही, म्हणून तिच्या चौकटीतच एक वाक्य अधिक लिहावे, असे आम्ही सांगतो. 'ह्या ओळीत सिमिली आहे' हे पहिले वाक्य. 'कवीने स्वतःची ढगाशी तुलना केली आहे' हे दुसरे. आणि तिसरे वाक्य असे: 'ढगाप्रमाणे कवी उंच, निर्हेतुक व अलिप्त आहे, फुलांच्या मेळाव्याने ही अलिप्तता मोडते, म्हणून आरंभी ती दाखविणे आवश्यक होते.' तिसऱ्या वाक्याने अलंकाराचा मुद्दा मध्यवर्ती कल्पनेच्या मुद्द्यास जोडला जातो. वेळ अर्ध्या मिनिटाचा लागतो. परीक्षक दक्ष असेल तर त्याचे मोल करील. नसेल तरी गुण कमी होणार नाहीत, आणि मुलाजवळ ती कविता परीक्षेनंतरही राहील.

हा दोष सर्वस्वी इंग्रजीच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. यादीचा मोह आपल्या परंपरेसही जडलेला आहे. अलंकारांची संख्या वाढवीत नेण्यात आपल्या पंडितांनी शतके घालविली. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात ती शंभरावर गेली. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी हा काव्याचा आत्मा आहे आणि अलंकाराची शोभा त्या आत्म्यामुळे आहे, हा विचार मांडला होता. आत्मा निघून गेलेल्या देहावर दागिने चढविले तर ते शोभत नाहीत, हे आपल्या शास्त्राचेच म्हणणे. तेव्हा शास्त्राने सांगितलेले शास्त्राचे अभ्यासक विसरले, आणि इंग्रजी शाळेने त्यांचे विसरणे तेवढे उचलले.

उपाय कोठे आहे? आमच्या मते तो देवळाच्या सभामंडपातच पाहावयास सापडतो. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा एखादे पद किंवा अभंग घेतात. एकेका शब्दाशी थांबतात, त्याला दृष्टांत देतात, दुसऱ्या संताचे वचन शेजारी ठेवतात, श्रोत्यांच्या संसारातले उदाहरण काढतात आणि पुन्हा मूळ पदाशी येतात. उत्तररंगात तोच विचार आख्यानातून चालता-बोलता दाखवितात. अमुक अलंकार झाला असे बुवा सांगत नाहीत, किंवा सांगितले तरी तेथे थांबत नाहीत. देव मेघासारखा का, हे ते सांगतात. ही समीक्षाच होय, आणि अक्षरओळख नसलेल्या आज्यांनीही ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. दादोबांसारखा इंग्रजीचा शिक्षक केकावलीच्या टीकेकडे वळला तेव्हा तो फार दूरच्या प्रांतात गेला असे आम्हांस वाटत नाही. टीकाकार आणि कीर्तनकार दोघेही शब्दापाशी थांबावयास शिकवितात.

म्हणून आमच्या ज्या वाचकांच्या घरी यंदा कोणी परीक्षेस बसत असेल, त्यांनी एक करून पाहावे. मुलाची अलंकारांची वही हाती घ्यावी आणि त्यातील कोणत्याही एका उदाहरणावर बोट ठेवून मराठीत किंवा कोकणीत विचारावे, 'हें ह्याच्यासारखें, तें खऱ्यांनीच कशें?' इंग्रजी येत नसले तरी चालेल. उलट ते बरेच, कारण मुलाला व्याख्येच्या आड लपता येणार नाही. आपल्या भाषेत उत्तर देताना ते अडखळेल, विचार करील, आणि कदाचित वहीत नसलेले काही बोलेल. ते जे बोलेल तेवढे त्याने वहीत, व्याख्येच्या खाली, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे. परीक्षेच्या आदल्या रात्री यादीतील दहा उदाहरणे पुन्हा वाचण्यापेक्षा, असे एक उदाहरण पुरते समजून घेतलेले त्याच्या अधिक उपयोगी पडेल, असा आमचा विश्वास आहे.